दवाखान्याच्या काउंटरवरून: मोबाइलचं कॅलेंडर, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि आमचं लाल रजिस्टर

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि कॉम्प्युटरवालीही नाही. सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं एक दातांचा दवाखाना आहे, तिथं सोळा वर्षं काउंटरवर बसते. फोन उचलायचा, वेळ द्यायची आणि दिलेली वेळ टळली की सगळ्यांच्या वतीनं बोलणी खायची, ही माझी नोकरी. दोन खुर्च्या, सर आणि मॅडम असे दोन डॉक्टर, महिन्यातून दोन शनिवारी पुण्याहून येणारे तारा लावणारे सर, आणि मदतीला एक मावशी. एवढाच पसारा. भाचीनं पार्लर काढलंय, ती परवा म्हणाली, "आत्या, तू कुठलं अ‍ॅप वापरतीस?" वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनंही तेच विचारलं. दोघींना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं लिहिते.

रजिस्टरपासून सुरुवात करते, कारण ते अजून आहे. लाल कापडी पाठीचं लांबडं रजिस्टर, दर डिसेंबरात नव्या पेठेतनं आणतो. एक पान म्हणजे एक दिवस. नावं पेन्सिलीनं, कारण पेनानं लिहिलेलं नाव पुढच्या तारखेला ढकलता येत नाही. खोडरबर सुतळीनं रजिस्टरलाच बांधलेलं, नाहीतर पेशंटची पोरं नेतात. अडचण एकच, रजिस्टर दवाखान्यात आणि सर घरी. रात्री नऊनंतर त्यांना फोन यायचा, ते "या की उद्या अकराला" म्हणायचे, आणि अकराच्या रेघेवर मी आधीच मोहोळच्या एका काकांना बसवलेलं असायचं. सकाळी दोघं समोरासमोर बाकावर. आधी एकमेकांकडं बघायचे, मग दोघं मिळून माझ्याकडं.

दुसरी चूक रजिस्टरची नाही, माझी. प्रत्येकाला एक रेघ, म्हणजे अर्धा तास. टाके काढायला दहा मिनिटं पुरतात. दात साफ करायला पाऊण तास जातो. रूट कॅनलची पहिली बैठक तासाची, कधी सव्वा तासाची. अक्कलदाढ काढायची असेल तर किती वेळ लागेल हे सरांनाही तोंडात बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तरी मी सगळ्यांना एकेक रेघ वाटत होते, रेशनच्या रांगेत वाटतात तशी. संध्याकाळी सातला बाकावर नऊ माणसं का साचतात याचं उत्तर माझ्याच हातात होतं, आणि मी ते गर्दीवर ढकलत होते.

दोन वर्षांपूर्वी एक विक्रीवाला मुलगा आला. मे महिना, दुपारचे बारा, आणि गळ्यात टाय. सोलापूरच्या मे महिन्यात टाय घालणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी आधी पाणी दिलं आणि सरांनी नंतर चेक दिला. दवाखान्यांसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, आमचं त्यांचं भांडण नाही, जमलं नाही एवढंच. दिसायला मात्र देखणं. पडद्यावर बत्तीसच्या बत्तीस दात, एकावर बाण ठेवला की त्या दाताचं आजवर काय काय झालं ते समोर. मॅडमना ते चित्र अजून आठवतं, आणि त्यांचं बरोबर आहे. डॉक्टरांच्या बाजूनं ते चांगलंच होतं.

काउंटरच्या बाजूनं रोज मरण. नवीन पेशंटला वेळ देण्याआधी अकरा रकाने भरायचे. ई-मेल, जन्मतारीख, रक्तगट, आमच्याबद्दल कुठून कळलं. पलीकडं माणूस गाल धरून कण्हतोय आणि मी त्याला ई-मेल विचारतीय. होटगीच्या एका आजी म्हणाल्या, "बाई, दाढ दुखतीय. लगीन जमवायचं न्हाई मला." त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या जन्मतारखा १ जानेवारी टाकायला लागले. नवीन वर्षाच्या सकाळी त्या सॉफ्टवेअरनं आमच्या सव्वादोनशे पेशंटना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. मोबाइलवर फोनच फोन. सर चिडले, मॅडम हसल्या.

आठवणीचा एसएमएस जायचा, पण इंग्रजीत, "डिअर पेशंट" म्हणून. मराठीत करा म्हटलं तर उत्तर आलं, मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो. यात खोटं काही नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणं धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही आधी नोंदवावे लागतात. फसवे मेसेज रोखण्यासाठी केलेला नियम आहे, माझी तक्रार नाही. पण आमचा मराठी साचा वर्षभरात नोंदवून आला नाही तो नाहीच. आणि ऑनलाइन बुकिंगला प्रत्येकाला पंधरा मिनिटं. माझा अर्धा तास तरी बरा म्हणायचा. एका शनिवारी लागोपाठ तीन अक्कलदाढा पंधरा-पंधरा मिनिटांवर येऊन बसल्या.

वर्गणी संपल्यावर आम्ही आमची यादी परत मागितली. छापील पानांसारखी एक भली मोठी फाइल आली, जिच्यातनं एक नावसुद्धा उचलून दुसरीकडं टाकता येईना. कुठलंही पैशाचं अ‍ॅप घेताना हे पहिल्या दिवशी विचारा: सोडून जाताना माझी नावं मला कशी मिळणार? आणि तो टायवाला असेपर्यंतच उत्तर लिहून घ्या.

मग अकरा महिन्यांपूर्वी गूगल कॅलेंडरवर आलो. फुकट. २००६ पासून आहे हे नंतर कळलं, म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हाही होतं आणि बहुतेक फोनमध्ये आधीपासून पडूनच असतं. सरांच्या मुलानं दवाखान्याच्या नावानं एक खातं काढून दिलं आणि तो बंगळूरला निघून गेला. बाकीचं मी चुकत चुकत शिकले, ते असं.

नवीन नोंद केली की ते आपणहून एक तास धरतं. सेटिंगमध्ये जाऊन मी तो अर्धा तास केला आणि ज्याला जास्त लागेल त्याची नोंद ताणून मोठी करते. पडद्यावर रूट कॅनलचा डबा मोठा दिसतो, टाक्यांचा चिमुकला. दिवस किती भरलाय ते वाचावं लागत नाही, नुसतं दिसतं. रजिस्टरमध्ये हे सोळा वर्षांत कधी दिसलं नाही.

रंग देता येतात, आणि रंगांची इंग्रजी नावं म्हणजे लक्ष्मी मंडई: टोमॅटो, बनाना, बेसिल, ग्रेप. आमच्याकडं रूट कॅनल टोमॅटो, कवळी बनाना, लहान मुलं बेसिल. आता मावशीसुद्धा विचारते, "उद्या टोमॅटो किती?" आणि त्या हिशोबानं अवजारं उकळायला लावते. बाकावर बसलेल्या पेशंटला हे ऐकून काय वाटत असेल कोण जाणे.

पहिल्याच आठवड्यात मी अक्कलकोटच्या एका ताईंची संध्याकाळी पाचची वेळ पहाटे पाचला टाकली. मोबाइल उशाशी. साडेचारला टिंग वाजलं, मी दचकून उठले, यजमान उठले, शेजारचं कुत्रं उठलं. त्यानंतर फोनच चोवीस तासांच्या घड्याळावर टाकला, कॅलेंडर आपोआप तसं झालं. आता पाच म्हणजे १७:००, चुकायला जागा नाही. यजमान रेल्वेतनं रिटायर झालेत. म्हणाले, "तीस वर्षं माझ्या टायमाला हसलीस, शेवटी रेल्वेच्याच टायमावर आलीस."

तारांच्या पेशंटला साधारण चार आठवड्यांनी बोलावतात आणि हे दीड-दोन वर्षं चालतं. रजिस्टरमध्ये पुढच्या वर्षाचं पानच नसायचं. इथं एकदा नोंद करून "दर चार आठवड्यांनी" म्हटलं की झालं. पण त्यातली एखादी तारीख हलवली की ते विचारतं, फक्त हीच, की ही आणि पुढच्या, की सगळ्याच? घाईत मी "सगळ्याच" दाबलं आणि एका कॉलेजच्या मुलीच्या वर्षभराच्या तारखा शनिवारवरून मंगळवारी गेल्या. मंगळवारी तारांचे सर पुण्यात. मुलगी दोनदा हेलपाटा घालून गेली तेव्हा कळलं. आता तो प्रश्न आला की मी चष्मा घालून वाचते.

शोधायची सोय सगळ्यात मोलाची. "ताई, मी मागं कधी आलतो?" या प्रश्नाला पूर्वी तीन रजिस्टरं उघडायला लागायची. आता नाव टाकलं की सगळ्या भेटी एकाखाली एक. मात्र मी काही नावं मराठीत, काही इंग्रजीत लिहिली होती, आणि पूर्व भागातली तेलुगू आडनावं तर दर वेळी वेगळ्या स्पेलिंगनं. म्हणून आता नोंद सुरू होते ती मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांनी, मग नाव, मग काम. आकड्यांना स्पेलिंग नसतं. भाचीला मी बाकी काही नाही सांगितलं तरी एवढं सांगणार आहे.

पुण्याच्या सरांना आमचं कॅलेंडर दाखवायचं होतं, पण पेशंटची नावं नाहीत. कॅलेंडर वाटून देताना "फक्त मोकळं की व्यस्त एवढंच दिसू दे" असा एक पर्याय आहे, तो निवडला. त्यांना नुसते ठोकळे दिसतात. सर आणि मॅडमना पूर्ण दिसतं आणि बदलताही येतं. कुणाचा कुठला दात पडलाय, कुणाला कवळी आहे, ही घरची गोष्ट असते. सोलापुरात तर तिसऱ्या माणसाला ओळख निघते. म्हणून नोंदीत मी आजाराबद्दल लिहीत नाही, तो केसपेपरवर. फोनला कुलूप लावलंय आणि त्याचा आकडा माझ्या मुलालाही सांगितलेला नाही.

एक गैरसमज मात्र सगळ्यांचा असतो, माझाही होता. कॅलेंडर आठवण करतं ती मला, पेशंटला नाही. पूर्वी ते कॅलेंडरच्या मालकाला एसएमएसही करायचं, ती सोय जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली. पेशंटचा ई-मेल घालून त्याला पाहुणा म्हणून जोडलं तर त्याला मेल जाते. आमच्या पेशंटांतल्या किती जणांना मेल उघडता येते? होटगीच्या आजींना विचारा.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. साध्या व्हॉट्सअ‍ॅपसारखंच, पण दुकानदारांसाठी, २०१८ पासून आहे आणि फुकट आहे. मला सर्वांत आवडलेली गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती: ते लँडलाइन नंबरावर सुरू होतं. तपासणीचा आकडा एसएमएसऐवजी फोन करून ऐकवतात, तो ऐकून टाकायचा. आमचा ०२१७ चा नंबर वीस वर्षं लोकांच्या डायरीत, कपाटाच्या दारावर, देवघराच्या भिंतीवर लिहिलेला आहे. तो बदलला असता तर निम्मे पेशंट हरवले असते. आता त्याच नंबरावरून मेसेज जातो. पहिल्या महिन्यात चार जणांनी फोन करून खात्री केली, "ठोकळ्या फोनवरनं व्हॉट्सअ‍ॅप कसं काय आलं ओ?"

ठरलेले मजकूर साठवून ठेवता येतात. तिरकी रेघ आणि पुढं एक खूण टाकली की अख्खा निरोप तयार. माझे सात आहेत. रोज संध्याकाळी, गर्दी ओसरली की कॅलेंडरमध्ये उद्याचं पान बघायचं आणि एकेकाला पाठवायचं: "उद्या अमुक वाजता दवाखान्यात यायचं आहे. जमणार नसेल तर आत्ताच कळवा, दुसऱ्याला वेळ देता येईल." हे शेवटचं वाक्य आधी नव्हतं. ते घातल्यापासून लोक नाही म्हणायला लागले, आणि "नाही" हे उत्तर मला सोन्यासारखं. पूर्वी रोज तीन-चार जण न कळवता दांडी मारायचे, आता आठवड्याला तेवढे. वीस माणसांना एकेक निरोप म्हणजे वीस मिनिटं जातात. ब्रॉडकास्ट यादीनं एकदम पाठवता येतं, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ते पोचतं, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. सुट्टीचा निरोप तेवढा यादीनं, बाकी हातानं.

आणि भाषा. सोलापुरात एका बाकावर तीन भाषा बसतात. मावशीची माहेरची तेलुगू, सासरची कन्नड, बोलते मराठी. तिच्याकडून दोन निरोप आवाजात भरून घेतलेत. एकात "रेपु रावालि" आहे, दुसऱ्यात "नाळे बर्री", म्हणजे उद्या यायचं. वेळेचा आकडा मी खाली टाइप करते आणि आवाज पुढं पाठवते, एका वेळी पाच जणांना जातो. साखर पेठेतल्या एका अक्का, ज्या माझ्या मराठी मेसेजला कधी उत्तर देत नव्हत्या, त्यांनी मावशीच्या आवाजाला दीड मिनिटाचं उत्तर पाठवलं. त्यात दाताबद्दल शेवटचं अर्धं वाक्य होतं.

लेबलं आहेत, ती बदलून घेतली. दुकानदारीची तयार नावं पुसून "कॅप आली", "पैसे बाकी", "फोन करणे" अशी केली. कॅप लॅबमधून यायला आठवडा लागतो आणि आल्यावर पेशंटला कळवायचं राहून जायचं. आता राहत नाही. "पैसे बाकी" या लेबलाबद्दल जास्त लिहीत नाही, काही जण हे वाचतील.

दुपारी दीड ते पाच दवाखाना बंद. त्या वेळेत आपोआप जाणारा निरोप लावून ठेवलाय. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी कुणी बाहेर पडतही नाही, पण घरात बसून मेसेज मात्र करतात.

आता रजिस्टर अजून का, ते सांगते. कॅलेंडरला सोलापूर माहीत नाही. आमच्याकडं नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी बाई घर सोडत नाही. "आज नळ आहे" या कारणानं जितक्या वेळा बदलल्यात तितक्या दुखण्यानं बदलल्या नसतील. म्हणून वेळ देतानाच विचारते, तुमचा नळ कधी? रजिस्टरच्या समासात भागवार लिहून ठेवते, जुळे सोलापूर, विजापूर रोड, पूर्व भाग. कॅलेंडरमध्ये ते दिवसभराची पट्टी म्हणून घालून बघितलं, पण पाण्याचं वेळापत्रक उजनीच्या पाइपलाइनवर चालतं, माझ्या पट्टीवर नाही. आठवड्यात ते पुढं सरकलं आणि पट्ट्या खोट्या ठरल्या. पेन्सिल बरी.

तसंच गड्ड्याचं. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला. नंदीध्वज निघाले की रस्ते बदलतात, अक्षता सोहळ्याच्या दिवशी तर गावात कुणालाही बोलावणं चूक. मी हुशारीनं १४ जानेवारीला "दरवर्षी" असं लावून ठेवलं. पण संक्रांत कधी १४ ला असते, कधी १५ ला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, त्या दिवशी पूर्व भागातलं एकही माणूस येत नाही, आणि ती तारीख दरवर्षी वेगळी. अमावस्येला दात काढून घ्यायला लोक नको म्हणतात. रमजानमध्ये रोजे असलेल्यांना संध्याकाळी इफ्तारनंतरची वेळ हवी असते. म्हणून काउंटरच्या मागं कालनिर्णय टांगलेलं आहे, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस बसून मी त्यातल्या तारखा फोनमध्ये हातानं उतरवते. १९७३ पासूनचा कागद २००६ च्या अ‍ॅपला शिकवतो आणि मी मधे दुभाषी.

भाचीला काय सांगू? तिनं पैसे भरून काही घेऊ नये. पार्लरच्या गिऱ्हाइकांच्या हातात फोन असतोच, तिला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि कॅलेंडर भरपूर. फेशियलला आणि आयब्रोला सारखी वेळ देऊ नकोस, एवढं माझ्या सोळा वर्षांवरून शिक. फिजिओवालीचं वेगळं. तिच्याकडं एकेक माणूस दहा दिवस रोज येतो. कॅलेंडरमध्ये "रोज, दहा वेळा झाल्यावर थांब" असं लावता येतं, मधला रविवार हातानं काढायचा. पुढं तिनं तिघी-चौघी हाताखाली ठेवल्या तर मात्र हे पुरणार नाही, तेव्हा पैशाचं बघावं, टायवाल्याला वरचा प्रश्न विचारून.

स्टार द्यायचेच तर कॅलेंडरला चार, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसला साडेचार. अर्धा त्या लँडलाइनचा.

एक दुखणं तेवढं कुठल्याच अ‍ॅपनं बरं झालेलं नाही. सर. त्यांच्या फोनवर कॅलेंडर आहे, रिकामी जागा बघून नोंद कशी करायची ते तीनदा दाखवलंय. तरी लग्नात, बँकेत, सकाळी फिरायला गेल्यावर, कुणी गाल धरला की "या की हो उद्या, बघू". गेल्या आठवड्यात मात्र मला फोनवर दिसलं, सरांनी स्वतः एक नोंद केलीय. मला इतका आनंद झाला की मावशीला दाखवली. "मित्राचे पाहुणे, मंगळवेढा." वेळ टाकायची राहिली होती, त्यामुळं ती दिवसभराची पट्टी झाली होती. पाहुणे सकाळी दहाला आले. बरोबर डबा घेऊन आले होते.